पाय शाबूत आहे का, ते आधी पाहा

१९ डिसेंबर २००६ रोजी सिंगापूरमध्ये चोवीस तासांत ३६६ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा लहान वाटेल. पण त्याच दिवसांत समुद्रापलीकडे मलेशियाच्या जोहोर राज्यात महापूर आला होता आणि जानेवारीत तो पुन्हा आला. त्या पुराचं पाणी जोहोर नदीतून खाली उतरलं. नदीच्या मुखाशी पुलाउ उबीन हे सिंगापूरचं लहानसं बेट आहे आणि त्याच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा ओहोटीला उघडा पडणारा किनारा. सुमारे शंभर हेक्टरांच्या त्या किनाऱ्यावरून कितीतरी दिवस गोडं पाणी वाहत राहिलं. पाणी ओसरल्यावर निसर्गप्रेमी तिथे पोहोचले, तेव्हा स्पंज, तारामासे आणि वाळूत रुतून राहणारी मोठी समुद्रफुलं, म्हणजे कार्पेट ॲनिमोन, मोठ्या प्रमाणावर मेलेली होती.

समुद्रफूल विकत घेताना ते निरोगी आहे की नाही हे कसं ओळखायचं, असा प्रश्न खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे हौशी लोक सतत विचारतात. क्लाऊनफिश घरी आला की त्याच्यासाठी समुद्रफूलही हवंसं वाटतं. २००३ साली ‘फाइंडिंग नेमो’ आल्यापासून ही जोडी लहान मुलांच्याही ओळखीची झाली आहे. सिंगापूर हे शोभेच्या माशांच्या जागतिक व्यापाराचं एक मोठं केंद्र. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आपली दुकानं आहेत. माझं म्हणणं असं, की ही पारख दुकानात पुरती शिकता येत नाही. तिथे आजारी आणि अर्धमेली समुद्रफुलं इतकी दिसतात की डोळ्यांना तीच नेहमीची वाटू लागतात. निरोगी समुद्रफूल कसं वागतं ते ज्याने किनाऱ्यावर पाहिलं आहे, त्यालाच दुकानातलं दुखणं कळतं. त्यासाठी चेक जावाइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

तिथे जाणं अवघड नाही. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर लाकडी बमबोट उभ्या असतात. बारा प्रवासी जमले की बोट सुटते आणि थोड्याच वेळात उबीनला लागते. एके काळी इथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. १८५१ साली उभं राहिलेलं हॉर्सबर्ग दीपगृह इथल्याच दगडाचं आहे. खाणी बंद पडल्या, वस्ती पांगली. आता गावात थोडी घरं, सायकली भाड्याने देणारी दुकानं आणि रानडुकरं उरली आहेत. गावातून सायकलने पूर्वेला निघालं की रस्ता चेक जावाच्या जुन्या इंग्रजी धाटणीच्या बंगल्याशी संपतो. तिथून पुढे खारफुटीतून आणि किनाऱ्यावरून एक किलोमीटरहून थोडा लांब लाकडी मार्ग जातो.

जाण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र पाहायलाच हवं. सुकती अर्ध्या मीटरच्या खाली जाणार असेल तरच किनारा उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत गेलात तर नुसतं पाणी दिसेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जावं. वर्षाच्या मधल्या महिन्यांत मोठी ओहोटी पहाटे-सकाळी असते आणि वर्षअखेरीकडे ती संध्याकाळी सरकते. कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण सिंगापूरला नोकरीसाठी गेलेली आपली मंडळी वेळ न बघता रविवारी दुपारी तिथे पोहोचतात आणि काहीच दिसलं नाही म्हणून परततात.

हा किनारा आज आहे, यामागे एक लढा आहे. १९९० च्या दशकात उबीनच्या या भागात समुद्रात भराव टाकायचं ठरलं होतं. २००१ च्या अखेरीस काम सुरू व्हायचं होतं. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २००० मध्ये, जोसेफ लाय या वनस्पती-अभ्यासकाने इथली जीवसृष्टी पाहिली आणि तो इतरांना सांगू लागला. वाळूचा किनारा, खडक, समुद्रगवत, प्रवाळांच्या तुकड्यांचा पट्टा, खारफुटी आणि किनाऱ्यालगतचं जंगल, असे सहा अधिवास एवढ्याशा जागेत एकमेकांना लागून होते. पुढच्या काही महिन्यांत स्वयंसेवकांनी पाहणी केली, संग्रहालयाच्या अभ्यासकांनी नमुने गोळा केले आणि हजारो सामान्य नागरिक हा किनारा नाहीसा होण्याआधी एकदा पाहू म्हणून आले. डिसेंबर २००१ मध्ये भरावाला स्थगिती जाहीर झाली, जानेवारी २००२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. जमिनीसाठी इंच इंच समुद्र बुजवणाऱ्या देशाने एका चिखलाच्या किनाऱ्यासाठी हात आखडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बघ्यांच्या पावलांनी तोच किनारा तुडवला जाऊ नये म्हणून लाकडी मार्ग बांधला गेला. २००७ च्या जुलैत तो खुला झाला, म्हणजे पुराने किनारा उद्ध्वस्त केल्यावर सहाच महिन्यांनी.

आता समुद्रफुलाकडे वळू. चेक जावावर जे मोठं समुद्रफूल नेहमी दिसतं त्याचं शास्त्रीय नाव स्टिकोडॅक्टायला हॅडोनी. डॅफ्नी फॉटिन या अमेरिकी संशोधिकेने समुद्रफुलांच्या अभ्यासात आयुष्य घातलं. रिया टॅन आणि आणखी एका सहकाऱ्यासह त्यांनी २००९ मध्ये सिंगापूरच्या उथळ पाण्यातल्या समुद्रफुलांवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात हे फूलही आहे. हे फूल वाढून अर्ध्या मीटरहून मोठं होतं. ओहोटीला वाळूवर एक घडीदार, करडी-हिरवी किंवा तपकिरी चकती पसरलेली दिसते. चकतीवर आखूड शुंडकांची दाट गर्दी असते आणि मधोमध मुख. खोड वाळूत गाडलेलं असतं. खोडाच्या टोकाला असलेला पाय खाली कुठल्यातरी दगडाला किंवा शिंपल्याला घट्ट धरून असतो. तो पाय आपल्याला दिसत नाही, आणि दिसू नये हेच त्याच्या प्रकृतीचं लक्षण.

पाणी उतरलेलं असताना हे फूल सुरकुतलेलं, चिखलाने माखलेलं, मलूल दिसतं. नवख्याला ते मेलंय असं वाटतं. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच फूल फुगतं, कडा उचलते, शुंडकं ताठ होतात. समुद्रफुलाला हाडं नसतात. त्याचा सगळा आकार आत भरलेल्या पाण्यावर उभा असतो. मुखाच्या कडेच्या खाचांमधून सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाणी आत ओढलं जातं, मुख मिटतं आणि स्नायू त्या कोंडलेल्या पाण्यावर दाब देतात. अन्न आत घेण्याचं आणि मळ बाहेर टाकण्याचं दार एकच असल्याने ते अधूनमधून सगळं पाणी सोडून देतं, पार आकसतं आणि पुन्हा भरतं. म्हणून आकसलेलं समुद्रफूल आजारीच असतं असं नाही. पाहायचं हे, की ते पुन्हा फुगतं का आणि किती वेळात.

इथेच मुखाचं महत्त्व कळतं. मुख घट्ट मिटलेलं असेल तर पाणी आत राहील, पाणी राहिलं तर आकार राहील. मुख सैल पडलं, सताड उघडं राहिलं, आतल्या पडद्यांचे पांढरट धागे बाहेर लोंबू लागले, तर त्या जिवाने स्वतःला धरून ठेवणं सोडलं आहे असं समजावं. खाताना किंवा मळ टाकताना मुख थोडा वेळ उघडतं, ते वेगळं. तासाभराने पुन्हा बघावं. तरीही उघडंच असेल तर दुकानदार कितीही ‘प्रवासाने दमलंय’ म्हणाला तरी घेऊ नये.

बाजारात पापलेट घेताना आपण कल्ला उचलून लाली बघतो, तसा समुद्रफुलाचा पाय बघावा. दुकानातली बहुतेक समुद्रफुलं समुद्रातून काढलेली असतात. काढणारा पाण्याखाली श्वास रोखून असतो किंवा घाईत असतो, आणि वाळूतलं हॅडोनी चाहूल लागताच स्वतःला आत ओढून घेतं. मग ओढाताण होते. पाय दगडाला चिकटून राहतो आणि फूल वर येतं. पाय फाटला की जखम थेट पोटाच्या पोकळीपर्यंत जाऊ शकते. आतला दाब टिकत नाही, जिवाणू शिरतात, आणि दुकानात वरून सुंदर दिसणारं फूल घरी आल्यावर काही दिवसांत सडतं. म्हणून दुकानदाराला फूल काचेवर किंवा दगडावर धरलेलं दाखवायला सांगा. काचेला चिकटलेलं असेल तर पलीकडून तळवा सरळ दिसतो. कडा अखंड हवी. चीर, भोक, पांढरा चोथा नको. टाकीत आडवं पडलेलं, पाण्याबरोबर लोळणारं, कशालाच न धरणारं फूल नको. आणि धरून बसलेलं फूल दुकानदार तुमच्यासमोर नखाने खरवडून काढू लागला, तर त्याला थांबवा. दगडासकट द्यायला सांगा. तेही नाही म्हणाला तर रिकाम्या हाताने परत या.

दुसरी खूण चिकटपणाची. समुद्रफुलाच्या शुंडकांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. स्पर्श झाला की त्यांतून धागे सुटतात आणि समोरच्या वस्तूला धरतात. कार्पेट ॲनिमोनची पकड इतकी जबर असते की ओढून सोडवायला गेलं तर शुंडकं तुटून हाताला राहतात. बोट लावून पाहू नये. काहींच्या त्वचेला त्याने पुरळ येतं, आणि तोच हात डोळ्याला लागला तर त्रास वाढतो. कोळंबीचा छोटा तुकडा चिमट्याने द्यायला सांगावं. निरोगी फूल तुकडा झटकन धरतं, शुंडकं त्यावर वळतात आणि तो हळूहळू मुखाकडे सरकतो. तुकडा घरंगळून खाली पडला, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र चांगले जाणकारही फसतात. समुद्रफुलाच्या आतल्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला मिळतो. शैवालाचा रंग तपकिरी, त्यामुळे धडधाकट समुद्रफुलाचा मूळ रंग तपकिरी, करडा, शेवाळी असाच असतो. हिरवी, जांभळी झाक त्यावर चढते. पाणी फार तापलं, गोडं झालं किंवा उजेड तुटला की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि फूल पांढरंफटक पडतं. २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा सिंगापूरच्या किनाऱ्यांवर प्रवाळांबरोबर समुद्रफुलंही पांढरी पडली होती. आता हेच पांढरं फूल, टोकाला जांभळा ठिपका असलेलं, दुकानाच्या निळ्या दिव्याखाली ठेवलं की मोत्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाईक ‘हेच द्या’ म्हणतं. ते उपाशी असतं. योग्य उजेड, स्थिर पाणी आणि बारीक खाद्य मिळालं तर शैवाल परत येऊ शकतं, पण त्याला महिने लागतात आणि तोवर ते आक्रसत जातं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

त्याहून वाईट म्हणजे रंगवलेली फुलं. पिवळंजर्द, निळंशार, गुलाबी, आणि मुखापासून शुंडकांच्या टोकापर्यंत एकच छटा, असं काही दिसलं तर ते आधी पांढरं पडलेलं आणि मग रंगात बुडवलेलं असण्याची शक्यता मोठी. रंग काही आठवड्यांत उतरतो आणि खाली पांढरं अंग उरतं. हा व्यापार नुसता फसवणुकीचा नाही, क्रूर आहे. ज्या दुकानात असं एक फूल दिसेल, तिथून मासाही घेऊ नये असं माझं मत आहे.

दुकानदाराला विचारायचे प्रश्नही असतात. माल कधी आला? काल आला असेल तर पैसे द्या, पण फूल त्याच्याकडेच राहू द्या, निदान आठवडाभर. प्रवासाचा मार सुरुवातीला दिसत नाही. तो दिसायला दिवस जातात. काय खातं, कुठल्या क्षारतेत ठेवलंय? खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आहे की नुसता अंदाज? हा शेवटचा प्रश्न मी चेक जावामुळे महत्त्वाचा मानते. समुद्रफुलाला अंगातल्या पाण्याचा खारटपणा स्वतः राखता येत नाही. बाहेरचं पाणी जितकं खारं, तितकंच आतलं. गोडं पाणी वाढलं की ते पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. जोहोरची सामुद्रधुनी तशीही नद्यांच्या मुखाशी आहे, तिथल्या जीवांना थोड्या चढउतारांची सवय आहे. तरी २००७ च्या जानेवारीत ते टिकले नाहीत. घरच्या टाकीत रोज पाणी उडून खारटपणा वाढतो, मग आपण एकदम तांब्याभर गोडं पाणी ओततो. तो एक छोटा पूरच असतो. सहा महिने न चाललेल्या नव्या टाकीत समुद्रफूल ठेवू नये असं अनुभवी लोक सांगतात, ते यासाठीच.

पुरानंतर चेक जावाला पुन्हा जीव आला. लगेच नाही. स्वयंसेवक महिनोन् महिने जाऊन मोजत राहिले, कोण परत आलं, किती लहान आहे, कुठे आहे. कार्पेट ॲनिमोन हळूहळू दिसू लागली. काहींच्या शुंडकांत ॲनिमोन कोळंबी राहते. तिचं अंग काचेसारखं पारदर्शक असतं, त्यावर पांढरे ठिपके आणि शेपटीवर नारिंगी खुणा. ती कोळंबी आणि तिचं फूल एकत्र पाहायला मिळालं की बराच वेळ कठड्याला टेकून उभं राहावंसं वाटतं. पण किनारा भरून यायला मोकळा समुद्र लागतो, शेजारून येणाऱ्या अळ्या लागतात. टाकीत मेलेल्या फुलाच्या जागी दुसरं दुकानातूनच येतं, आणि दुकानात ते कुठल्यातरी किनाऱ्यावरून.

त्या किनाऱ्यांचं काय होतं, हे ठाऊक आहे. फिलिपिन्समधल्या सेबू भागाच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मत्स्यटाक्यांसाठी जिथे गोळा करणं चालतं तिथे समुद्रफुलं आणि त्यांच्यातले मासे दोन्ही राखीव भागापेक्षा विरळ आढळले. इंग्लंडने हे दीडशे वर्षांपूर्वीच अनुभवलं. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८६० साली ब्रिटिश समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहिला. घराघरांत काचेच्या टाक्यांचं वेड पसरायला त्याच्या पुस्तकांचा हात होता. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. त्याच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली वडिलांवर जे आत्मकथन लिहिलं, त्यात लहानपणीची ती खडकांतली डबकी ओरबाडली गेल्याचं दुःख आहे.

तरीही माणसाच्या हाती समुद्रफूल जगू शकतं. सर जॉन ग्रॅहॅम डॅलिएल या स्कॉटिश गृहस्थाने १८२८ मध्ये नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून एक लहान लाल समुद्रफूल आणलं. १८५१ मध्ये तो वारला, फूल दुसऱ्यांच्या हाती गेलं, त्यांच्याकडून आणखी पुढे. एडिंबरात ते ‘ग्रॅनी’ या नावाने प्रसिद्ध झालं, त्याने शेकडो पिल्लं दिली आणि ते १८८७ मध्ये मेलं. साठीच्या जवळ पोचलेलं. त्याला ना दिवे होते ना पंप, होतं ते नेमाने बदललेलं समुद्राचं पाणी. निसर्गात मोठ्या समुद्रफुलांचं आयुष्य अनेक दशकांचं असू शकतं. टाकीत काही महिन्यांत मरणारं फूल ‘म्हातारं झालं होतं’ असं कुणी म्हणालं, तर ते मुळीच पटवून घेऊ नये.

भारतात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जिवंत प्रवाळ आणि समुद्री पंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. त्यांची विक्री गुन्हा आहे. समुद्रफुलासोबत ‘एक कोरलचा तुकडाही घ्या’ म्हणणारा दुकानदार तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे, आणि त्याच्याकडचा बाकीचा माल कुठून आला असेल याचाही अंदाज त्यातून येतो.

मग घ्यावं काय? बबल-टिप जातीचं, टाकीतच दुभंगून वाढलेलं. हे समुद्रफूल स्वतःचे दोन भाग करतं आणि दोन्ही जगतात. हौशी लोक एकमेकांना असे भाग देतात. त्याला समुद्रातून ओढलेलं नसतं, काचेत राहायची सवय असते, आणि ज्याने वाढवलं तो तुम्हाला पाणी, उजेड, खाद्य सगळं सांगू शकतो. पंपाच्या तोंडाला जाळी बसवा, कारण नव्या टाकीत ते जागा शोधत फिरतं आणि पात्यांत सापडतं. क्लाऊनफिशला समुद्रफुलाशिवायही चालतं, ते नसेल तरी तो सुखाने जगतो. कार्पेट ॲनिमोन घरी आणूच नये. अर्ध्या मीटरच्या, मासे गिळणाऱ्या जिवाला दोन-तीन फुटी काचेत जागा नाही.

समुद्रफूल पाहायची खरी इच्छा असेल तर मुंबईकरांना उबीनला जायचीही गरज नाही. हाजीअलीच्या, जुहूच्या, कार्टर रोडच्या खडकांवर ती आहेत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक २०१७ पासून ओहोटीच्या वेळी नागरिकांना घेऊन जातात. जामनगरजवळ नरारा आहे, कच्छच्या आखातातल्या सागरी उद्यानात, जिथे कार्पेट ॲनिमोन पायी चालत पाहता येतात. टाकी घ्यायच्या आधी एकदा मुलांना तिथे न्या. कोष्टक बघून जा, दगड उलटला तर होता तसा ठेवा, आणि हात लावू नका.